एएफएफ इन्स्ट्रक्टर कसं होतात: पहिल्यांदा एकट्याने उडी मारणाऱ्याला शिकवण्याचं काम

टँडम उडीत नवखा माणूस इन्स्ट्रक्टरच्या छातीशी बांधलेला असतो. दोघांत एकच पॅराशूट, आणि ते उघडायची जबाबदारी अनुभवी माणसाची. एएफएफ, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल (फ्रीफॉल म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीचं पडणं) पद्धतीत मात्र पहिल्याच उडीला विद्यार्थ्याच्या पाठीवर त्याचं स्वतःचं पॅराशूट असतं. साधारण १३,००० फुटांवर, म्हणजे चार किलोमीटर उंचीवर, तो विमानातून बाहेर पडतो. दोन इन्स्ट्रक्टर दोन्ही बाजूंनी त्याचा हार्नेस, म्हणजे पॅराशूट अंगाला बांधणारे पट्टे, धरून त्याच्याबरोबर पडत असतात. साडेपाच हजार फुटांच्या आसपास पॅराशूट उघडायचं ते त्यानेच. ते उघडलं की इन्स्ट्रक्टर आणखी खाली जाऊन आपापली पॅराशूट उघडतात आणि विद्यार्थी आकाशात एकटा उरतो. सोबतीला हेल्मेटमधला रेडिओ, तोही फक्त ऐकण्यापुरता.

या दोन इन्स्ट्रक्टरांपैकी एक होण्यासाठी काय लागतं, ते या लेखात सांगितलं आहे. नियम देशोदेशी वेगळे आहेत. इथे आधार घेतला आहे तो अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या, म्हणजे युएसपीएच्या नियमांचा. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचावीच लागते, कारण अटी अधूनमधून बदलतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. इन्स्ट्रक्टरचं रेटिंग, म्हणजे शिकवण्याची अधिकृत मान्यता, हे उत्तम उडणाऱ्याला मिळणारं बक्षीस नव्हे. शेकडो उड्या मारलेली, स्पर्धांत चमकलेली माणसं या परीक्षेत अडकतात, कारण त्यांनी आयुष्यभर स्वतःचं शरीर सांभाळलेलं असतं. इथे लक्ष दुसऱ्याच्या शरीरावर ठेवायचं आणि तरीही उंचीचं भान क्षणभरही सुटू द्यायचं नाही.

लायसन्स, तास आणि कार्ड

युएसपीएची लायसन्स चार: ए, बी, सी, डी. किमान उड्या अनुक्रमे २५, ५०, २०० आणि ५००. एएफएफ इन्स्ट्रक्टरसाठी किमान सी लायसन्स लागतं आणि वय १८ पूर्ण असावं लागतं. पण खरी चाळणी वेगळ्याच अटीत आहे: फ्रीफॉलचे एकूण ६ तास. एका उडीत पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम मिनिटभर मिळतं. म्हणजे ६ तास भरायला साडेतीनशेच्या पुढे उड्या लागतात. २०० उड्यांवर सी लायसन्स हातात आलं, तरी दार त्याच दिवशी उघडत नाही.

त्याआधीची पायरी कोच रेटिंगची. त्यासाठी बी लायसन्स आणि १०० उड्या पुरतात. एएफएफच्या टप्प्यातून पार झालेल्या, पण ए लायसन्स अजून न मिळालेल्या विद्यार्थ्याबरोबर कोच उडी मारतो आणि पहिल्या उडीच्या वर्गातला सर्वसाधारण भाग शिकवतो. ही पायरी पटकन ओलांडायची औपचारिकता समजू नये. एखाद्याला गुरुत्वमध्य किंवा वाऱ्याची दिशा समजावताना तो आपल्याकडे कोऱ्या चेहऱ्याने बघतो, तेव्हा दुसरं उदाहरण शोधायची सवय इथेच लागते. ज्यांनी कोच म्हणून एक-दोन हंगाम मनापासून काम केलंय, त्यांना पुढचा कोर्स निम्मा सोपा जातो.

मग येतं प्रोफिशियन्सी कार्ड. पहिल्या उडीच्या वर्गात मदत करणं, साधनांची तपासणी, विद्यार्थ्याला रेडिओवरून उतरवणं अशी कामं रेटिंग असलेल्या इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली करून एकेका ओळीपुढे सही घ्यायची असते. शेवटच्या आठवड्यात सह्या गोळा करत फिरणारा उमेदवार परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो. लेखी परीक्षेत ८० टक्के गुण लागतात, आणि नियमपुस्तिका नीट वाचली असेल तर तो भाग अवघड नाही.

पडण्याचा वेग

पोटावर आडवं पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. विमान सोडल्यावर पहिले १,००० फूट जायला सुमारे १० सेकंद लागतात. त्यानंतरच्या प्रत्येक १,००० फुटांना साडेपाच. पण हा सरासरीचा हिशेब झाला. हलका माणूस ढगळ सूटमध्ये सावकाश पडतो, वजनदार माणूस झपकन खाली जातो. घाबरून ताठलेलं, सपाट झालेलं शरीर हवेत तरंगल्यासारखं राहतं, तर कंबर पुढे काढून छान कमान केली की वेग वाढतो. विद्यार्थी पाठीवर उलटला, तर आणखी वेगाने सुटतो.

दोघांच्या वेगात ताशी फक्त १० किलोमीटरचा फरक धरा. सेकंदाला जवळपास ३ मीटर. पाच सेकंद दुर्लक्ष झालं की अंतर १४ मीटर, म्हणजे चार-पाच मजल्यांच्या इमारतीएवढं. विद्यार्थी खाली आणि इन्स्ट्रक्टर वर अशी स्थिती झाली, की त्याच्या पॅराशूटच्या वाटेत येण्याचा धोकाही त्यातच असतो. म्हणून इन्स्ट्रक्टरला स्वतःचा वेग दोन्ही बाजूंना भरपूर बदलता यावा लागतो: छाती पोकळ करून, हातपाय पसरून सावकाश पडता यावं आणि अंग आखडून, कमान वाढवून झपाट्याने खाली जाता यावं. वजनाचा पट्टा आणि सूटची निवड हा त्यातलाच भाग. लहान चणीचा इन्स्ट्रक्टर भारी विद्यार्थ्यासाठी घट्ट सूट आणि शिशाचं वजन वापरतो, तर धिप्पाड इन्स्ट्रक्टर हवा धरणारा ढगळ सूट घालतो.

वेग जुळला तरी पुरत नाही. विद्यार्थ्याच्या शेजारी, हात लांबवला की हार्नेस हाती येईल इतक्या अंतरावर राहायचं, पण त्याला धक्का लागू द्यायचा नाही. तो वळला की आपण त्याच्याभोवती फिरायचं. तो मागे सरकला की मागे, पुढे घसरला की पुढे. ग्रुपमधल्या उड्यांत प्रत्येकजण आपल्या जागी यायचा प्रयत्न करत असतो, त्यामुळे एकाची चूक दुसरा भरून काढतो. विद्यार्थी तुमच्यासाठी काहीच करत नाही. त्याला तुम्ही कुठे आहात हेही बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

विंड टनेलमध्ये, म्हणजे खालून जोराचा वारा सोडणाऱ्या बंद नळकांड्यात, सराव केल्याने वेग जुळवणं आणि अलगद पकड घेणं छान सुधारतं. पण टनेलमध्ये जमीन जवळ येत नाही, आणि विमानाच्या दारातून बाहेर पडायचा क्षणही नसतो. या दोन गोष्टींचा सराव खऱ्या उड्यांतच होतो, शक्यतो एखाद्या जुन्या इन्स्ट्रक्टरला विद्यार्थी बनवून.

दाराचा क्षण थोडा समजून घ्यायला हवा. विमान सोडताच वारा खालून येत नाही. विमान ज्या दिशेने चाललंय त्या दिशेकडून, म्हणजे समोरून येतो. मग पुढच्या काही सेकंदांत तो हळूहळू खालून येऊ लागतो. म्हणून छाती विमानाच्या नाकाकडे ठेवून बाहेर पडायचं असतं. विद्यार्थी खाली जमिनीकडे बघत उडी टाकतो, तेव्हा छातीऐवजी पाठ किंवा डोकं वाऱ्याला लागतं आणि तिघंही कोलांटत बाहेर जातात. हनुवटी वर आणि नजर पंखाकडे एवढं जमिनीवर दहा वेळा करून घेतलं, तर दारातले निम्मे प्रश्न उरत नाहीत. उमेदवाराच्या हातून विद्यार्थी सुटतो तोही बहुधा इथेच. पकड मनगटाच्या जोरावर घेतलेली असते, शरीर विद्यार्थ्याबरोबर न जाता अर्धा सेकंद उशिरा निघतं आणि वारा दोघांना अलग करतो.

परीक्षक विद्यार्थी होतो तेव्हा

कोर्समधल्या परीक्षेच्या उड्यांत खरा विद्यार्थी नसतो. परीक्षक विद्यार्थ्याची भूमिका घेतो आणि नवखे लोक ज्या चुका करतात त्या सगळ्या, कुठलीही सूचना न देता, एकामागून एक करतो. एक पाय दुमडून गोल फिरायला लागतो. अल्टिमीटरकडे, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्राकडे, बघायचं विसरतो. खुणा दिसत असून प्रतिसाद देत नाही. पाठीवर उलटतो. उघडायच्या उंचीला नुसता क्षितिजाकडे बघत राहतो. यात क्रूरपणा काही नाही. यातली प्रत्येक चूक कुणा ना कुणा विद्यार्थ्याने खरोखर केलेली असते.

गुण फक्त हवेतल्या कामाचे नसतात. जमिनीवर उडीची तयारी कशी करून घेतली, साधनं कशी तपासली, विमान वर चढत असताना काय बोललात, उतरल्यावर चर्चा कशी केलीत, सगळं मोजलं जातं. काही उड्या दोन इन्स्ट्रक्टरांच्या रचनेत होतात, काही एकट्याने सांभाळायच्या असतात.

फिरणाऱ्या विद्यार्थ्याला थांबवणं ही उमेदवारांची दुखरी जागा. नवा उमेदवार त्याच्यामागे गोल गोल धावतो आणि दर फेरीला थोडा मागे पडतो. करायचं याच्या उलट. फिरण्याच्या वर्तुळालगत जाऊन आपण स्थिर व्हायचं आणि त्याचा फिरत येणारा हात किंवा गुडघा आपल्याकडे येऊ द्यायचा. तो आला की अडवायचा, हार्नेसवर पकड घ्यायची, फिरणं पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवायचं, आणि मग खूण करायची. आधी खूण आणि मग पकड असा क्रम ठेवला तर काहीच साधत नाही, कारण फिरणाऱ्या माणसाला खूण दिसतच नाही.

खुणा मोजक्याच असतात. दोन बोटं सरळ केली म्हणजे पाय लांब कर. अंगठा खाली म्हणजे कंबर पुढे काढ, कमान कर. तर्जनी रोखली म्हणजे आता उघड. एका वेळी एकच खूण द्यावी, ती विद्यार्थ्याच्या नजरेसमोर धरावी, आणि बदल दिसेपर्यंत हलवू नये. पहिल्या उड्यांत विद्यार्थ्याच्या डोक्यात आवाज, वारा आणि भीती यांची इतकी गर्दी झालेली असते की डोळे उघडे असूनही त्याला दिसत नाही. घाईघाईत तीन खुणा दिल्या तर एकही पोचत नाही.

याउलट, गरज नसताना धरून ठेवणं हीही चूकच. एकट्या इन्स्ट्रक्टरच्या उडीत विद्यार्थी थोडा डुलला म्हणून लगेच हार्नेस पकडला, तर तो स्वतः सावरायला कधी शिकणार? कधी थांबायचं आणि कधी हात घालायचा, ही पारख परीक्षक शोधत असतो. उंची भरपूर असेल तर दोन-तीन सेकंद द्यावेत. उंची कमी असेल तर देऊ नयेत. हे मी फारच सोपं करून लिहिलंय, पण हवेत निर्णय खरोखर याच एका मापावर घ्यायचा असतो.

सहा हजार फुटांखाली

मुख्य पॅराशूटचं हँडल विद्यार्थ्याच्या उजव्या हाताच्या टप्प्यात, कंटेनरच्या, म्हणजे पॅराशूट ठेवलेल्या पाठीवरच्या पिशवीच्या, तळाशी असतं. त्या बाजूचा इन्स्ट्रक्टर तो ‘मेन साइड’, डावीकडचा ‘रिझर्व्ह साइड’, कारण रिझर्व्हचं, म्हणजे राखीव पॅराशूटचं, हँडल तिकडे असतं. आता उडीचा शेवटचा भाग सेकंदांत मोजून बघू.

६,००० फूट. विद्यार्थ्याने अल्टिमीटर बघून, आता उघडतोय हे सांगायला, हात डोक्यावर हलवायला हवा. तो हलवत नाही. मेन साइडचा इन्स्ट्रक्टर तर्जनी रोखतो. विद्यार्थी त्या बोटाकडे बघतो, हसतो, आणि तसाच राहतो. ५,५०० फूट. दुसरी खूण द्यायला वेळ उरलेला नाही. इन्स्ट्रक्टर त्याचा उजवा हात धरून हँडलवर नेतो. बोटं हँडलवर बसली तर तो स्वतः ओढेल आणि त्या एका सेकंदात त्याला खूप काही कळेल. बसली नाहीत, तर इन्स्ट्रक्टर स्वतःच हँडल काढून पायलट शूट, म्हणजे मुख्य पॅराशूट बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट, वाऱ्यात सोडतो. हे सगळं पाच-सहा सेकंदांत आटोपावं लागतं. ५,५०० ते २,५०० फूट हे अंतर फ्रीफॉलमध्ये सोळा-सतरा सेकंदांचं, आणि २,५०० फूट ही बिघडलेलं पॅराशूट सोडून रिझर्व्ह उघडायचा निर्णय घेण्याची विद्यार्थ्याची उंची. पॅराशूट पूर्ण उघडायलाच काही सेकंद जातात. हिशेब करून बघितला की रेंगाळायला जागाच नाही हे कळतं.

अग्रक्रम ठरलेला आहे, आणि विद्यार्थ्यालाही तो तसाच शिकवतात: आधी पॅराशूट उघडणं, मग योग्य उंचीवर उघडणं, आणि त्यानंतर स्थिर शरीराने उघडणं. विद्यार्थी वाकडातिकडा पडतोय म्हणून त्याला सरळ करण्यात उंची घालवणं हा या क्रमाचा भंग आहे. अस्थिर स्थितीत उघडलेलं पॅराशूट गुंतू शकतं, हे खरं. पण न उघडलेल्या पॅराशूटवर उपाय करायला काहीच उरत नाही.

विद्यार्थी हातून सुटून दूर गेला, तर इन्स्ट्रक्टर त्याच्यामागे झेपावतो. पण किती खालीपर्यंत? तो आकडा उडीच्या आधी ठरलेला असतो. तो आला की विद्यार्थी हाताच्या अंतरावर का असेना, पाठलाग थांबवून, मोकळी हवा बघून स्वतःचं पॅराशूट उघडायचं. हे ऐकायला कठोर वाटतं. म्हणूनच विद्यार्थ्याच्या पाठीवर स्वयंचलित उघडणारं यंत्र सक्तीचं असतं. विद्यार्थ्यांसाठीची प्रचलित यंत्रं साधारण ७५० फुटांच्या आसपास, शरीर अजून वेगाने पडत असेल तर, रिझर्व्ह स्वतः उघडतात. आकडा ओलांडून खाली गेलेला इन्स्ट्रक्टर विद्यार्थ्याला वाचवत नाही. तो अपघातात एका माणसाची भर घालतो.

विद्यार्थ्यालाही हे आधी सांगितलेलं असतं: सुरुवातीच्या उड्यांत दोन्ही इन्स्ट्रक्टर दिसेनासे झाले, तर वाट बघायची नाही, लगेच उघडायचं. पुढच्या टप्प्यांत, तोल गेला आणि पाच सेकंदांत सावरला नाही, तरी तेच करायचं.

जमिनीवर घालवलेला दिवस

हवेतल्या पन्नास सेकंदांसाठी जमिनीवर बहुतेक दिवस जातो. शिकवायचा क्रम साधा आहे: समजावणं, करून दाखवणं, करून घेणं, तपासणं. चुकतं ते तिसऱ्या पायरीला. इन्स्ट्रक्टर बोलत राहतो, विद्यार्थी मान डोलावतो, आणि दोघांनाही वाटतं की शिकून झालं. मान डोलावण्यावर कधीच विश्वास ठेवू नये. त्याला चाकांच्या फळीवर पोटावर झोपवून पूर्ण उडी करायला लावावी: क्षितिज, अल्टिमीटर, डावा इन्स्ट्रक्टर, उजवा इन्स्ट्रक्टर, मग हँडलला तीन वेळा हात लावण्याचा सराव, पुन्हा अल्टिमीटर. तो मध्येच अडखळला तर सुरुवातीपासून. हवेत त्याला शब्द आठवणार नाहीत, हाताला लागलेली सवय तेवढी आठवेल.

बिघाडाचा सराव टांगत्या हार्नेसमध्ये होतो. पॅराशूट उघडल्यावर तीन प्रश्न: आहे का, चौकोनी आहे का, दोऱ्या ओढल्या की वळतं का. यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल आणि २,५०० फूट आले असतील, तर उजवीकडचं लाल हँडल बघून, धरून, ओढून मुख्य पॅराशूट सोडायचं आणि लगेच डावीकडचं ओढून रिझर्व्ह उघडायचं. १,००० फुटांखाली मात्र विद्यार्थ्याने मुख्य पॅराशूट सोडायचं नाही, फक्त रिझर्व्ह उघडायचं. पुन्हा पडायला सुरुवात करण्याएवढी उंची तेव्हा उरलेली नसते. ‘का’ सांगितलेला नियम आठवतो, नुसता पाठ केलेला दारातच गळून पडतो.

साधनांची तपासणी तीनदा होते: अंगावर चढवण्यापूर्वी, विमानात बसण्यापूर्वी आणि दाराकडे सरकण्यापूर्वी. पुढच्या बाजूला तीनाचा मंत्र आहे. मुख्य पॅराशूट जोडणाऱ्या तीन कड्यांच्या जोड्या, हार्नेसचे छातीचा एक आणि मांड्यांचे दोन असे तीन पट्टे, आणि तीन हँडलं. मागच्या बाजूला वरून खाली: स्वयंचलित यंत्र चालू आहे का, रिझर्व्हची पिन नीट बसली आहे का, मुख्य पिन, पायलट शूटची पट्टी कुठे दबली तर नाही ना, आणि शेवटी हँडल. पट्टा नुसता बघू नये, ओढून बघावा. छातीचा पट्टा बकलातून ओवलेला दिसतो, पण उलटा परत न ओवलेला असतो, आणि तो फक्त हाताला कळतो.

हवामानाचा निर्णय दर उडीला नव्याने घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी जमिनीवरच्या वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल आहे. वारा १३ वर खेळत असेल आणि झोत वाढत असतील, तर ‘अजून मर्यादेत आहे’ म्हणून विमानात बसवू नये, कारण वर जाऊन उडी पडेपर्यंत वीस मिनिटं निघून गेलेली असतात.

उतरल्यावर आधी विद्यार्थ्याला बोलू द्यावं. त्याला उडी कशी आठवते, हे ऐकल्याशिवाय तुमचं सांगणं कुठे रुजवायचं ते कळत नाही. ज्याला मधले दहा सेकंद आठवतच नाहीत, त्याला त्या दहा सेकंदांतल्या पायाच्या चुकीबद्दल सांगून उपयोग नसतो. त्याला आधी व्हिडिओ दाखवावा, मग एकच मोठी दुरुस्ती सांगावी, आणि ती तिथेच जमिनीवर करून घ्यावी. लॉगबुकात लिहिताना ‘चांगली उडी’ असं लिहू नका. पुढच्या उडीला बहुधा वेगळा इन्स्ट्रक्टर असेल, आणि विद्यार्थ्याचा डावा गुडघा दुमडतो की उजवा, हे त्याला त्या पानावरूनच कळायचं असतं.